एसी बसवावा का? आणि सगळ्यांनीच बसवला तर?

तळ्यात_मळ्यात

मंडळी, सल्ला हवा आहे. विषय म्हटला तर घरगुती, म्हटला तर जगाचा.

पुण्यात बाणेरला सहा मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहतो. पश्चिमेच्या खोलीत वडील झोपतात. वय ७८, रक्तदाबाची गोळी चालू. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता ओकत असतो आणि पंखा तीच हवा ढवळतो. पुण्याच्या गार रात्रींचं आपण इतकं कौतुक करतो, पण गच्चीखालच्या मजल्याला ते लागू नाही.

एसी घ्यायला पैशाची अडचण नाही. अडचण डोक्याची आहे. मुलगी अकरावीत, तिचं म्हणणं, एसी म्हणजे घर गार आणि गल्ली गरम. वडील म्हणतात, "पत्र्याच्या वर्गात तीस वर्षं शिकवलं, मला काही होत नाही." (होतं. मागच्या आठवड्यात चक्कर आली.) आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सद्गृहस्थ रोज सकाळी बजावतात की वीज, पाणी, ट्रॅफिक, सगळ्याचं मूळ लोकसंख्या. ती आवरली की मग खुशाल दहा एसी लावा.

तर प्रश्न दोन. एक, अशा घरात एसी घेणं चैन की गरज? दोन, आज आपल्याकडे थोड्याच घरांत एसी आहे. उद्या सगळ्यांकडे आला तर हा देश ते झेपवू शकतो का, की "आम्हाला चालतं, तुम्हाला नाही" असंच हे गणित आहे?

ब्रँड सुचवू नका, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

कूलरवाली

पुण्यात ४० झालं की बातमी होते. आमच्या नागपुरात मे महिन्यात ४० म्हणजे आज जरा बरं आहे म्हणतात बाप्पा. :)

आधी कूलर वापरून बघा. गंमत नाही, खरंच सांगते. एप्रिल-मेमध्ये पुण्याची दुपार कोरडी असते, कूलरला तेवढंच लागतं. मुंबई-कोकणात तो फक्त चिकचिक करतो. कूलर दोनेकशे वॅटमध्ये चालतो, एसी त्याच्या पाच-सात पट खातो.

पण पुण्याचे लोक कूलर घेतात आणि खोलीच्या मध्ये ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात. मग तासाभरात गादीसुद्धा ओली आणि वर "कूलर बेकार" म्हणून शिव्या. कूलर खिडकीत बाहेरून लावायचा, त्याला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, आत आलेली हवा निघून गेली पाहिजे. ताट्या दर सीझनला बदलायच्या. वाळ्याच्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर वुडवूलच्या चालतात. टाकीतलं पाणी आठवड्यातून दोनदा तरी काढून टाकायचं, नाहीतर वास येतो आणि डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.

आता दुसरी बाजूही सांगते. मोठा कूलर दिवसभर चालला तर शंभर लिटर पाणी आरामात पितो. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा सरकारी दंडक आहे, म्हणजे घरात जवळपास एक जास्तीचा माणूस वाढला असं समजा. तुमच्या बाणेरला उन्हाळ्यात टँकर येतात ना? मग टँकरचं पाणी कूलरमध्ये ओतायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. टँकरचं पाणी बोअरचं असलं तर जड असतं, ताट्यांवर पांढरी खपली धरते आणि महिन्यात कूलर नुसता पंखा होतो.

काडीपेटी

छान. आता कोणीतरी "आमच्या लहानपणी माठ होता" म्हणा म्हणजे धागा शंभरी गाठेल. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गणितमास्तर

मूळ प्रश्नाला सगळे बगल देत आहेत. ते व्हॉट्सॲपवाले सद्गृहस्थ बरोबर आहेत.

भाजकामध्ये माणसं आहेत हो. १९५१ ला आपण ३६ कोटी होतो, २०११ ला १२१, २०२३ मध्ये चीनच्या पुढे गेलो. धरणं तेवढीच, नद्या तेवढ्याच, कोळसा तेवढाच. प्रत्येकाने पंख्याखाली बसायचं ठरवलं तरी बेरीज फुगतेच, एसीचं तर सोडाच. सवयी बदला, तापमान २६ वर ठेवा, दिवे बंद करा, हे सगळं चमच्याने समुद्र उपसणं आहे. सरकारने कडक कायदा करावा. दोनच्या वर मूल असेल तर सवलती बंद. विषय संपला. पण हे बोललं की लोकांना राग येतो.

आकडेमोड

मास्तर, राग येत नाही. पण तुमचा आकडा साधारण १९८५ चा वाटतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ ला, देशाचा जननदर (म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं होतात) ३.४ होता आणि महाराष्ट्राचा २.९. पाचव्या फेरीत, २०१९-२१ ला, देशाचा २.० आणि महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. म्हणजे महाराष्ट्रातली आजची पिढी आपली जागा भरण्याइतकीही मुलं जन्माला घालत नाहीये. बिहार त्या फेरीत अजून ३.० वर होता, पण तोही उतरतोच आहे.

मग आकडा वाढतो कसा? कारण ज्या मुली आधीच जन्मल्या आहेत त्या आता आई होत आहेत. त्यांना प्रत्येकी दोनच मुलं झाली तरी काही दशकं बेरीज वर जाणारच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०६० च्या दशकात आपण १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरू लागू. ही वाढ कायद्याने थांबत नाही, त्या होणाऱ्या आया आजच आपल्यात आहेत.

आणि कायदा महाराष्ट्राला नवा नाही. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. त्याच वर्षी देशभर साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, पुढच्या निवडणुकीत सरकार गेलं आणि "कुटुंब नियोजन" या शब्दालाच लोक बिचकू लागले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीला दोन अपत्यांची अट तर आपल्याकडे २००१ पासून आहे. जननदर उतरला तो मुली शाळेत गेल्या, लग्नाचं वय वाढलं, जन्मलेली मुलं जगू लागली म्हणून. र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा ते बाईच्या तब्येतीच्या आणि मर्जीच्या बाजूने बोलत होते, धरणाच्या पातळीच्या नव्हे. शंभर वर्षांनी काय कामाला आलं तर तेच.

आता मुद्द्याचं. विजेचं मीटर माणसाला नसतं, घराला असतं. आणि माणसांपेक्षा घरं भराभर वाढत आहेत. पाचव्या फेरीत सरासरी कुटुंब ४.४ माणसांचं निघालं आणि ते लहानच होत चाललंय. आमच्या आजोबांच्या घरात अकरा माणसं, एक रेडिओ, एक पंखा. त्याच वंशावळीचे आम्ही आता पाच शहरांत पाच फ्लॅट, पाच फ्रिज, पाच वॉशिंग मशीन, सात एसी. वंशाची लोकसंख्या? घटली.

दरडोई वीजही बघून टाका. भारतात वर्षाला सुमारे १४०० युनिट, अमेरिकेत १२ हजारांवर. आपल्यातले ज्यांच्या घरी पाच मुलं आहेत आणि ज्यांच्या घरी तीन एसी आहेत, ते बहुतेक वेगवेगळे लोक आहेत. व्हॉट्सॲपवर पहिल्यांना दुसरे शिव्या घालतात, एवढंच.

काडीपेटी

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. एसीच्या खाली.

गणितमास्तर

आकडे मान्य. पण १७० कोटी म्हणजे आजच्यापेक्षा वीस-पंचवीस कोटी जास्त. ते काय हवेत राहणार? आणि अमेरिकेचं उदाहरण देऊन आपण मोकळं व्हायचं हे मला पटत नाही. त्यांनी केलं म्हणून आपणही करायचं का?

लोडशेडिंग

मी वीज क्षेत्रातून निवृत्त आहे. कुठल्या कंपनीतून ते विचारू नका. धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न, "सगळ्यांनीच बसवला तर", हा आम्ही चहाच्या टपरीवर अनेकदा सोडवलेला आहे. कागद-पेन्सिल घ्या.

२०११ च्या जनगणनेत देशात जवळपास २५ कोटी घरं होती. आता त्याहून जास्त आहेत, पण तेवढीच धरा. प्रत्येक घरात दीड टनाचा एक चांगला पाच तारे वाला इन्व्हर्टर एसी. लेबलवर वर्षाला १६०० तासांचा वापर धरलेला असतो, त्याप्रमाणे तो आठशे युनिटच्या आसपास खातो. २५ कोटी गुणिले ८०० म्हणजे २० हजार कोटी युनिट. देशाचं वर्षाचं उत्पादन पावणेदोन लाख कोटी युनिटच्या घरात आहे. म्हणजे वाढ साधारण अकरा-बारा टक्के. जड आहे, पण अशक्य नाही.

आता दुसरं गणित. रात्री साडेदहाला सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. खोली तापलेली असताना एसी सुरुवातीला किलोवॅटभर तरी ओढतोच. २५ कोटी किलोवॅट म्हणजे अडीच लाख मेगावॅट. आणि देशाची गाजलेली विक्रमी मागणी किती होती, तर ३० मे २०२४ ला अडीच लाख मेगावॅट. म्हणजे पंखे, कारखाने, रेल्वे, पंप सगळं चालू असताना जेवढं लागलं, तेवढंच पुन्हा फक्त एसीसाठी.

लग्नात दोन हजार माणूस जेवून जातं, पण सगळे पहिल्याच पंगतीला बसले तर मांडव पुरत नाही. विजेचं दुखणं तेच आहे. किती लागते यापेक्षा कधी लागते ते बघा.

छतावर सोलर लावा असं आता कोणीतरी म्हणेल. लावाच. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, रोज बारा-एक युनिट निघतात. पण वडील झोपतात रात्री आणि सूर्य तेव्हा नसतो. नेट मीटरमध्ये तुमचं बिल शून्य दिसतं, पण रात्रीची वीज कोळशाचीच येते किंवा धरणाची. आमच्या काळात संध्याकाळचा लोड वर चढला की पहिली आठवण कोयनेची व्हायची, आजही होते. कळ दाबली की काही मिनिटांत मशीन फिरतं, कोळशाच्या संचाला ते जमत नाही. १,९६० मेगावॅट आहे तिथे. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेवढं वापरून झालं की मशीन असूनही पाणी नाही. पर्यावरणाची मर्यादा म्हणजे काय ते मला कोणी विचारलं तर मी हा आकडा सांगतो.

कूलरवाली ताई, तुमचा पाण्याचा हिशेब आवडला, पण एसीही पाणी पितो हो. कोळशाच्या केंद्राला युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा २०१५ मध्ये घातली. रात्रभराचे पाच-सहा युनिट धरले तर वीसेक लिटर. कूलरपेक्षा कमीच, फक्त ते बाणेरच्या टाकीतून जात नाही, चंद्रपूरच्या इरई धरणातून जातं. २०१३ आणि २०१५ ला परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं ते कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून.

बाकी २४ अंशांचं. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर सुरू व्हावेत असा नियम आहे. अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. लोक रिमोट हातात घेऊन पहिल्यांदा तो १८ वर नेतात आणि मग ब्लँकेट घेतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

र्‍हाइनकाठ

जर्मनीत राहतो. इथे घरात एसी ही अजूनही अपूर्वाई आहे, त्यामुळे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

पहिली. "आम्ही नाही का एसीशिवाय राहिलो" हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत म्हणू नये. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने सुमारे ७० हजार माणसं गेली. एकट्या फ्रान्समध्ये पंधरा हजार, त्यात बहुतेक वयस्कर. श्रीमंत देश, चांगली इस्पितळं, तरीही. रात्रीसुद्धा पारा उतरला नाही की शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. तळ्यात, तुमच्या वडिलांची खोली मी त्याच रांगेत धरतो. ७८ वय, रक्तदाबाची गोळी, पश्चिमेची भिंत, वर तापलेला स्लॅब. तिथे चैन हा शब्दच नको. आणि गोळीचं डॉक्टरांशी बोलून घ्या, काही औषधं उन्हाळ्यात त्रास देतात.

दुसरी. इथल्या जुन्या घरांना खिडकीच्या बाहेर गुंडाळता येणाऱ्या झडपा असतात. सकाळी ऊन यायच्या आधी सगळं गाव त्या खाली ओढतं, संध्याकाळी उघडतं. आपण पुण्यात जाड पडदे लावतो ते काचेच्या आत. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, उष्णता खोलीतच राहिली. तीच आडोशाची वस्तू काचेच्या बाहेर असेल तर उष्णता बाहेरच राहते. एवढाच फरक आणि तो प्रचंड आहे.

हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही. छज्जा, ओसरी, पडवी, बांबूच्या चिका, सगळं बाहेरचंच आहे. मागच्या वेळी पुण्यात आलो तर आमच्या भावाच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी बाल्कन्या काचा लावून बंद केलेल्या. सावलीची जागा होती, तिची काचेची पेटी केली, आणि आता त्या पेटीला लागून असलेल्या खोलीत एसी. चौरस फूट वाढले म्हणून सगळे खूश.

तळ्यात_मळ्यात

र्‍हाइनकाठ, आमचीही बाल्कनी बंद आहे. आधीच्या मालकाने केलेली. तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला, मुलगी खूश आहे.

लोडशेडिंग काका, दंडवत. पंगतीचा मुद्दा डोक्यात बसला.

फ्लेअरनट

इथं सगळे शिकलेले आहेत, मी एसी दुरुस्तीचं काम करतो, पिंपरीत. विजेवर सगळे बोलले, गॅसवर कोणीच नाही म्हणून लिहितो.

एसीत गॅस असतो तो संपत नाही. हे आधी लक्षात घ्या. गाडीच्या पेट्रोलसारखं काही नाही. बंद नळीत फिरतो, पंधरा वर्षंसुद्धा तेवढाच राहिला पाहिजे. दर उन्हाळ्यात "गॅस भरायला लागेल साहेब" म्हणणारा मेकॅनिक येतो ना, त्याचा अर्थ कुठंतरी लिकेज आहे आणि तो ते शोधत नाहीये. बहुतेक वेळा ते सापडतं आतल्या युनिटच्या मागं, तांब्याच्या नळीचं तोंड जिथं फुलवून नटात बसवतात तिथं. तोंड वाकडं फुलवलं, किंवा नट अंदाजाने आवळला, की केसाएवढी चीर राहते. मग उन्हाळाभर हळूहळू गॅस जातो. कळतं कसं? जोडाशी तेलकट डाग दिसतो. नायट्रोजनचं प्रेशर भरून साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की चोर सापडला. अर्ध्या तासाचं काम आहे, पण गिऱ्हाईक घाईत आणि मेकॅनिकला पुढचा कॉल, मग वरून गॅस मारून मोकळे.

आता आपला हिशेब. हल्लीच्या एसीत बहुतेक आर-३२ असतो. एक किलो हवेत गेला तर ६७५ किलो कार्बन डायऑक्साईडएवढं तापवतो. दीड टनाच्या एसीत साधारण पाऊण-एक किलो असतो. काकांनी आठशे युनिट सांगितले, आपल्याकडे युनिटमागे सातशे ग्रॅम धूर धरला तर वर्षाचा झाला साडेपाचशे किलो. म्हणजे एकदा पूर्ण गॅस गेला की वर्षभर एसी चालवल्याएवढं नुकसान, तेही गारवा न मिळता. जुन्या मशीनमध्ये आर-२२ नाहीतर आर-४१० आहे, ते तिप्पट वाईट. जुना एसी भंगारात देताना नळी कापून फुस्स करून सोडून देतात, मी रोज बघतो. गॅस परत काढून घ्यायचं मशीन असतं पण कोण आणतो? गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. आर-२९० नावाचा गॅस आहे, म्हणजे प्रोपेन, तो जवळपास काहीच तापवत नाही. पण पेट घेतो, त्यामुळं बसवणारा ट्रेनिंग घेतलेला पाहिजे.

तापमान २६ ठेवा, २४ ठेवा, ते चांगलंच. पण बसवताना माझ्यासारख्याच्या मागं उभं राहून नायट्रोजन टेस्ट करून घेतली तर त्याहून मोठं काम होतं. पाचशे-हजार जास्त मागेल, द्या.

आकडेमोड

फ्लेअरनट, या धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद. किगालीचा आंतरराष्ट्रीय करार, २०२८ पासून आपल्यावर येणारी या वायूंची मर्यादा, असलं सगळं वाचून आम्ही पाठ करतो आणि शेवटी सगळं त्या नटाशी येऊन थांबतं.

बालाघाटी

बीड जिल्ह्यातून. बराच वेळ वाचतोय, राहवलं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे चांगली माणसं दिसता. पण चर्चा अशी चाललीय की गारवा एक पुण्यातल्या फ्लॅटला लागतो नाहीतर जर्मनीला. आमच्या इकडं नवं बांधलेलं घर म्हणजे विटेच्या चार भिंती आणि वर पत्रा. आमच्या आजीच्या मातीच्या माळवदाच्या घरात मे महिन्यात दुपारी झोप लागायची. तेच पाडून पत्रा टाकला, कारण माळवदाला दरवर्षी माती लागते, पाऊस गळतो आणि घर पक्कं दिसत नाही. सुख म्हणूनच केलं ते. आता दुपारी बारा ते पाच घरात कोणी थांबत नाही, लिंबाखाली बसतात. बाळंतीण बाई असली तर तिला घरातच थांबावं लागतं, पंखा चालू असला तर ठीक, लाईट गेली की ओल्या कपड्याने बाळाला पुसत बसायचं.

आता या बाईला मास्तर सांगणार की तुम्ही मुलं जास्त घालता म्हणून पृथ्वी तापली? तिचं महिन्याचं बिल बघा आधी.

मला एसी नको आहे. पत्र्याखाली काहीतरी पाहिजे. आम्ही उसाचं पाचट टाकून बघितलं, चांगलं गार राहतं, पण उंदीर येतात आणि आगीची भीती. चुना मारला तर फरक पडतो, पावसाळ्यात धुऊन जातो. अहमदाबादने २०१३ ला उष्णतेचा आराखडा केला, तिथं झोपडपट्टीत पत्रे पांढरे करून दिले असं वाचलं. घरकुलाच्या पैशातच छताला पांढरा थर आणि पत्र्याखाली थर्माकोलचा नाहीतर कसला तरी थर धरला तर कितीशा खर्चाचं काम आहे? वीस वर्षांनी याच घरात एसी येणारच आहे, हात पोचले की कोण सोडतो? तोवर छत बरं असलं तर एक टनात भागेल, नसलं तर दोन टनाचा लागेल. काकांच्या पंगतीला आम्हीही येणार आहोत, पाट मोजून ठेवा.

लोडशेडिंग

बालाघाटी, नमस्कार घ्या. मी २५ कोटी घरं म्हटलं तेव्हा तुमचंही घर त्यात होतं, पण छताचा विचार केला नव्हता हे खरं. तापलेल्या पत्र्याखालचा एसी कधी दमच घेत नाही, कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालत राहतो. अडीच लाखाचे दीड लाख मेगावॅट करायचे असतील तर ते वीज केंद्रात होत नाही, छतावरच होतं.

गणितमास्तर

बालाघाटींच्या बाळंतिणीबद्दल मी काही बोललो नव्हतो. कायद्याचा आग्रह मी सोडत नाही, पण तिला त्यात ओढू नका. छतं पांढरी करा, बाल्कन्या उघडा, जरूर. २०६० मध्ये ही सगळी घरं मिळून किती पाणी लागेल ते मात्र अजून कोणी मांडलेलं नाही. दुसरा धागा काढतो.

काडीपेटी

काढा. मी तिथेही असेन.

तळ्यात_मळ्यात

सर्वांचे आभार. घरी ठरलं ते असं. वडिलांच्या खोलीत एक टनाचा एसी बसवतोय, त्यात आता अपराधी वाटून घेणार नाही. पण त्याआधी दोन कामं. बंद बाल्कनीच्या काचा काढायच्या आणि बाहेरून चिका लावायच्या. बायको म्हणते धूळ येईल, येऊ दे. दुसरं, गच्ची.

गच्चीची गंमत सांगतो. बिल्डिंग बांधली तेव्हा गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढऱ्या चायना चिप्स होत्या. फुटक्या टाइल्सचे तुकडे हो, पुण्या-मुंबईच्या जुन्या गच्च्यांवर असतात ते. चार वर्षांपूर्वी गळती झाली म्हणून सोसायटीने वरून काळी डांबरी शीट मारून घेतली. म्हणजे फुकटात मिळालेली थंड गच्ची आम्ही पैसे देऊन तवा करून घेतली. येत्या सर्वसाधारण सभेत त्यावर पांढरा परावर्तक थर द्यायचा विषय मांडतोय. खालच्या मजल्यावरचे म्हणणार, आमचा काय संबंध? त्यांना काय सांगू? खर्च सगळ्यांत वाटला जाणार आहे.

आणि फ्लेअरनट, बाहेरचं युनिट कुठे लावू? बिल्डरने शौचालयाच्या डक्टमध्ये जागा दिली आहे.

कूलरवाली

खालच्यांना सांगा, गळती थांबली तर तीही सगळ्यांचीच थांबते. आणि लिफ्टची मशीनरूम वरच आहे ना, ती उन्हाळ्यात तापून लिफ्ट बंद पडते का ते सेक्रेटरीला विचारा. पडत असेल तर सभा जिंकलात.

फ्लेअरनट

डक्टमध्ये लावू नका. तिथं सहा मजल्यांची सहा युनिटं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडतात, वरच्या मजल्याला सगळ्यांची मिळून येते. तुमचा मजला वरचाच. बिल जास्त येईल आणि मशीन लवकर जाईल. उत्तरेच्या भिंतीला जागा असेल तर तिथं लावा, मागं फूटभर अंतर सोडा, समोर काही नको. वरून सावलीला पत्रा लावलात तरी चालेल पण बाजूने झाकू नका. आणि माणसाला जाळीत उभं राहून काम करता येईल अशी जागा बघा, दोरीला लटकून फ्लेअर, म्हणजे नळीचं फुलवलेलं तोंड, नीट बसत नाही. गच्चीचं काम आधी करा, एसी नंतर घ्या. खोली किती तापते ते बघून मग टन ठरवा, कदाचित पाऊण टनातही भागेल.